राणीचा विडा

"हसलीस तर बघ," आत्याबाई म्हणाल्या, आणि मी लगेच हसले.

काय करणार, जन्माची खोड. शाळेत हजेरी चालू असताना मी हसायचे. माझ्या स्वतःच्या लग्नात अंतरपाटाआड उभी असताना भटजींच्या नाकाला अक्षत चिकटलेली दिसली, तर मंगलाष्टकं संपेपर्यंत माझे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, पोरगी माहेर सुटतंय म्हणून रडतेय. आणि आता मला पाखरगडाच्या बुरुजातल्या एका अंधाऱ्या खोलीत हिरवं जरीचं लुगडं नेसवून, कपाळभर कुंकू लावून, चंपावती राणी म्हणून बसवलं होतं. राणीनं हसायचं नसतं. बोलायचंही नसतं. नुसतं बसायचं असतं.

"नाही हसत, आत्याबाई," मी पदराचा बोळा तोंडात कोंबून म्हणाले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. उंच, ताठ, शिडशिडीत बाई. लग्न होऊन अकरा महिने झाले होते, पण त्यांचे दात मी पाहिले नव्हते. बोलायच्या ते कामापुरतं. "चूल पेटव." "म्हस पिळ." "मालक म्हंतील तसं." हे तिसरं वाक्य तर त्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा असायचं. मालक म्हणजे माझे सासरे दौलतराव, मी त्यांना मामंजी म्हणायचे. माझे यजमान लष्करात, तेव्हा लडाखला. घरात आम्ही तिघंच. त्यांतल्या एकाचं तोंड सतत चालू, दुसरीचं सतत बंद, आणि तिसरी मी, हसणारी.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होऊन गेली. पण अजूनही कुणी विडा पुढं केला की मला हसू फुटतं.

आमचं तळगाव गडाच्या अगदी पायथ्याशी. गडाची गोष्ट गावात पोराटोरांनाही पाठ. पाखरगडचा राजा एकदा सासुरवाडीला जेवायला गेला. तिथं पंगतीत त्याचं पान मेव्हण्याच्या पानाच्या खालच्या जागी मांडलं गेलं. राजा भरल्या पानावरून उठला, गडावर आला, आणि राणीला बुरुजात कोंडून म्हणाला, आजपासून तुझं माहेर संपलं. वर्षभरानं राणीचा भाऊ पालखी घेऊन गडावर आला. राजा म्हणाला, खुशाल न्या, पण ती स्वतःच्या तोंडानं येते म्हणाली तर. भावानं बुरुजाखालून तीन हाका मारल्या. वर राणीच्या तोंडात राजानं भलाथोरला विडा कोंबलेला, आणि पाठीशी तलवार. ती बोलणार कशी? बहिणीला यायचंच नाही असं समजून भाऊ रिकामी पालखी घेऊन रडत परत गेला. राणी त्या खोलीतच खंगून गेली.

म्हणून आमच्याकडं दरवर्षी वैशाखातल्या दुसऱ्या मंगळवारी गाव पालखी घेऊन गडावर जायचं. गावातली सगळ्यांत नवी सून राणी व्हायची. मानकऱ्याच्या घरची थोरली बाई खोलीत तिच्याजवळ बसून तिच्या तोंडात विडा द्यायची. मानकरी राणीचा भाऊ होऊन खालून तीनदा हाक मारायचा. वरून काही उत्तर यायचं नाही. मग बाया डोळे पुसायच्या, खोलीच्या उंबऱ्यावर ओटी ठेवायची, आणि पालखी रिकामी खाली उतरवायची. विडासुद्धा गडावर थुंकायचा नाही की गिळायचा नाही. खालच्या दरवाज्याशी कुंड आहे, तिथं टाकायचा. तीनशे वर्षं हे असंच चालत आलेलं.

मानकरी कोण, तर आमचे मामंजी.

ते ही गोष्ट दरवर्षी गडावर उभं राहून सांगायचे, आणि पंगतीच्या जागी आले की उपरणं हातात घ्यायचे. "एवढ्याशा पानावरनं बायकूला कोंडणारा त्यो राजा कसला!" असं म्हणून ते उपरण्यानं डोळे टिपायचे. त्या वर्षीही टिपले. मी खाली मान घालून ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

कारण माझ्या लग्नात मामंजींच्या पानात मोडकी जिलबी पडली होती.

मी खोटं सांगत नाही. पहिली पंगत, व्याही पहिल्या पानावर, आणि वाढपी पोरानं त्यांना जिलबीचा तुकडा वाढला. शेजारी बसलेल्या त्यांच्या चुलत्याला मात्र अख्खी. मामंजी पानावरून उठले. माझे वडील, आबा, हात जोडून मागं मागं फिरले, दुसरं ताट आणलं, पाया पडले. मामंजींनी भरमांडवात शपथ घातली. "ह्या घरचं पाणी पिनार न्हाई, आन सूनही हितं पाऊल टाकनार न्हाई." झालं. त्या दिवसापासून माझं माहेर बंद. पिंपळवडे अवघं बारा मैलांवर, पण दिवाळी गेली, पंचमी गेली, संक्रांत गेली, मी आपली तळगावातच.

आणि आता बकुळाचं लग्न होतं. माझी धाकटी बहीण. हळद मंगळवारी संध्याकाळी, लग्न बुधवारी. तिचं पत्र मी पोलक्यात घालूनच गडावर आले होते. 'ताई, पहिली हळद तुझ्या हाताची. तू आली नाहीस तर मी पाटावर बसणार नाही. मला ओळखतेस ना?' ओळखत होते. माझ्यापेक्षा हट्टी होती ती. ते पत्र मी मामंजींना वाचून दाखवलं, तेव्हा ते फक्त "शपथ हाय माजी" म्हणाले. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "मालक म्हंतील तसं." दोन दिवस मी रडले. माझ्यासारखी हसरी बाई रडायला लागली की थांबता थांबत नाही.

तर मी राणी होऊन बसले होते. खोलीला एकच झरोका. त्यातून खाली बघितलं तर सगळं गाव उन्हात उभं. पुढं मामंजी, वाडवडिलांचा लाल फेटा बांधून. फेटा त्यांच्या डोक्याला मोठा, तो हळूहळू कानांवर उतरत होता. शेजारी गुरवबाबा घंटा घेऊन. मागं पालखी आणि चार भोई, त्यांचा म्होरक्या भिवा.

गुरवबाबांनी घंटा वाजवली. आत्याबाईंनी कमरेचं फडकं सोडून विडा काढला. मुठीएवढा विडा, लवंग टोचलेला.

आता या विड्याचं काय झालं, ते मी शेवटी सांगेन. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी "पडला" एवढंच सांगितलं. तुम्हीही तूर्त तेवढंच धरा.

"राणीसाहेब," खालून मामंजींचा आवाज आला, चांगला घोगरा, "माहेराला येता का?"

गाव चिडीचूप.

दुसरी हाक. "राणीसाहेब, माहेराला येता का?" फेटा भुवयांवर आला होता. तो एका हातानं वर ढकलत त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी त्यांचा आवाज खरंच कापला. "राणीसाहेब, माहेराला येता का हो?"

"येते!" मी ओरडले. "येते! आत्ता येते!"

खाली काय झालं ते मला कधीही विसरता येणार नाही. गुरवबाबांच्या हातातली घंटा खाली पडली. दोन म्हाताऱ्यांनी एकदम जमिनीवर डोकं टेकलं. भिवा भोई "आयला!" म्हणाला, आणि ते त्या शांततेत सगळ्या गडाला ऐकू गेलं. मामंजी आ वासून वर बघत राहिले. फेटा घरंगळून त्यांच्या खांद्यावर आला.

मग सगळे एकदम बोलायला लागले. मी आणि आत्याबाई पायऱ्या उतरून बाहेर आलो. मामंजी दात-ओठ खात माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "सुगंधे, गप बस. चेष्टा लावलीस व्हय?"

"तात्या!" गुरवबाबा कडाडले. गावात सगळे मामंजींना तात्या म्हणायचे. "राणीसाहेबांना अगंतुगं? सूर्य मावळंपातुर त्या राणी हायती. तुमच्याच आज्यानं घातलेला नेम हाय."

"आवं पर राणी बोलत नसती!"

"नसती. पर बोलली." गुरवबाबांनी टक्कल खाजवलं. "न बोलली तर काय करायचं, ते बापजाद्यांनी समदं सांगून ठिवलंय. बोलली तर काय करायचं, ते कुनी सांगितलंच न्हाई."

"न्यायचं!" भिवा म्हणाला. "दुसरं काय करायचं? पालखी कशापायी आणलीया मग? तीनशे वर्सं रिकामीच व्हायतोय आमी."

गाव हसलं. मामंजींनी चहूकडं बघितलं, कुणी बाजूनं दिसेना. मग त्यांनी आत्याबाईंना गाठलं.

"तू सांग. तुज्या म्होरं झालं ना समदं? विडा कुटाय हिचा?"

"पडला," मी म्हणाले.

"मी हिला इचारतोय. सांग की, काय करायचं?"

आत्याबाईंनी पदर तोंडावर घट्ट धरला आणि मान फिरवली. एक शब्द बोलल्या नाहीत.

"बगा," मामंजी गावाला म्हणाले, "संतापानं त्या बाईच्या तोंडातनं शब्द फुटत न्हाई!"

मला आतून असं हसू येत होतं की पोट दुखायला लागलं. पण मी राणी होते, म्हणून कसंबसं गंभीर तोंड करून उभी राहिले.

मामंजी मानकरी होते, काही कच्चे नव्हते. त्यांनी घसा खाकरला. "बरं. राणीसाहेबांचं माहेर कुटं हुतं, कुनाला ठाव? न्हाई ना? मग तळगावच माहेर धरू. खाली चावडीपाशी उतरवू, नारळ फोडू, झालं."

"असं कसं धरू?" गुरवबाबा म्हणाले. "राणीच म्होरं हुबी हाय तर तिलाच इचारू की." आणि त्या म्हाताऱ्यानं माझ्यापुढं दोन्ही हात जोडले. "आईसाहेब, माहेर कुठलं आपलं?"

"पिंपळवडे," मी म्हणाले. "आज संध्याकाळी माझ्या धाकटीची हळद आहे."

पुन्हा हशा पिकला. बायांनी तर टाळ्या वाजवल्या. आणि मामंजींचं तोंड फेट्याइतकं लाल झालं.

"माजी शपथ हाय! त्या घरचं पाणी पिनार न्हाई म्हून!"

"शपथ कुनाची? दौलतरावाची," गुरवबाबा सावकाश म्हणाले. "दौलतराव सूर्य मावळल्यावर पिऊ नगासा पाणी. आता तुमी राणीचं भाऊ हाय. तीनशे वर्सांमागं बहिणीला टाकून गेलासा, आज पुन्हा टाकून जाता का? तसं सांगा, म्हंजी आमी रिकामी पालखी उचलतो."

यावर कोणता भाऊ काय बोलेल? मामंजींनी फेटा उचलून पुन्हा डोक्यावर चढवला आणि म्हणाले, "चला, बसा राणीसाहेब."

मी ऐटीत पालखीत बसले. चारही भोयांनी "राणीसाहेबांचा विजय असो!" म्हणत पालखी खांद्यावर घेतली. दहा पावलं गेली असतील नसतील, तर बुडाखाली कर्रर्र आवाज झाला आणि मी लुगड्यासकट सरळ खाली आले. पायांवर आले म्हणून वाचले. तीनशे वर्षं रिकामी फिरलेली पालखी ती. तिच्या तळाकडं कशाला कोण बघतंय? वाळवीनं तळ साफ केला होता.

"थांबा, थांबा!" मामंजी आनंदानं ओरडले. "मोडली पालखी! अपशकून! चला माघारी!"

"कुटं मोडलीया?" भिवा म्हणाला. "दांडी साबूत हाय, छत साबूत हाय. राणीसाहेब, चालाल का जरा?"

"पळेन म्हणालास तरी पळेन," मी म्हणाले.

मग आमची वरात निघाली. वरून बघणाऱ्याला झोकदार पालखी, झालर, चवऱ्या, पुढं हलगी. खालून बघणाऱ्याला मात्र पालखीखालून आणखी दोन पाय चालताना दिसायचे, पैंजण घातलेले. मी आतल्या दांडीला धरून चालत होते आणि चालता चालता हसत होते. एरवी हसले की सगळे डोळे वटारायचे. पण पालखीचे पडदे सोडलेले, राणी आत हसतेय की रडतेय, कोण बघणार! उतारावर भोई वेगानं निघाले की मला पळावं लागायचं. भिवा विचारायचा, "राणीसाहेब, भार जास्ती हुतोय का आमचा?" मी आतून म्हणायचे, "बेतानं, पालखीवाल्यांनो, तुम्हीच थकाल." सबंध गड आम्ही असे उतरलो.

खालच्या दरवाज्याशी आत्याबाई एकट्याच मागं थांबल्या. कुंडावर तोंड धुतलं, चुळा भरल्या, पुष्कळ वेळ भरल्या. मग पुन्हा पदर तोंडावर घेऊन चालू लागल्या. उन्हाचा ताप झाला असेल, असं बायका म्हणाल्या.

तीनची एसटी चावडीसमोर उभी होती. कंडक्टरनं पालखी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"हे काय?"

"राणीसाहेब माहेराला निघाल्यात," गुरवबाबा म्हणाले.

"तिकीट?"

मला वाटलं, आता मामंजींना आयतं निमित्त मिळालं. पण माणसाचा स्वभाव कसा असतो बघा. गडावर असताना मला न्यायला नको म्हणून तळमळणारे मामंजी, परक्या माणसानं राणीला तिकीट विचारल्याबरोबर छाती काढून पुढं झाले.

"राणी तिकीट काढत नसती! पाखरगडची राणी हाय ती! मी भाऊ हाय तिचा!"

"मग भावाचं तिकीट काढा," कंडक्टर म्हणाला, "राणीचं काढा, आणि त्या मखराचं सामानाचं काढा."

शेवटी सगळ्यांची तिकिटं काढून पालखी टपावर चढवली. भिवा तिला धरून टपावर बसतो म्हणत होता, कंडक्टरनं त्याला हाताला धरून खाली ओढलं. मी खिडकीशी, आत्याबाई माझ्या शेजारी, मामंजी पुढच्या बाकावर. वाटेत प्रत्येक थांब्यावर नवे उतारू चढायचे आणि विचारायचे, कुणाचं लग्न? मामंजी दर वेळी उठून सांगायचे, आणि दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. शेवटच्या थांब्यापर्यंत राणीनं बुरुजाचा दरवाजा आपल्या हातानं तोडला होता. मी आत्याबाईंना कोपरानं ढोसून हसत होते. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पदर नाकापर्यंत. फक्त त्यांचे खांदे मधूनमधून हलत होते. हे असे हलणारे खांदे माझ्या चांगलेच ओळखीचे होते.

पिंपळवडे आलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मांडवात एकच गोंधळ, कारण बकुळा पाटावर बसायला तयार नव्हती. आई रडवेली होऊन तिला समजावत होती. आणि अशात हलगीच्या कडकडाटात बाहेरून पालखी आली, पालखीखाली पैंजणांचे पाय, आणि बकुळा किंचाळली, "ते ताईचे पाय आहेत!"

पालखीतून मी बाहेर आले की बकुळा आत शिरली, काही सांगता येत नाही. आम्ही दोघी त्या छताखाली एकमेकींना मिठी मारून आधी हसलो, मग रडलो, मग पुन्हा हसलो. मी तशीच राणीच्या वेषात वाटीतली हळद उचलली आणि तिच्या गालांना लावली. सूर्य अजून वर होता. पहिली हळद माझ्या हाताची. मला त्या क्षणी वाटलं, आता यापुढं आयुष्यात काही मिळालं नाही तरी चालेल.

पण दिवस अजून संपायचा होता. मामंजी मांडवाच्या दाराशीच उभे होते, आत पाऊल टाकावं की टाकू नये या विचारात. आबांनी त्यांना बघितलं. माझे आबा भित्रे, साधे. वर्षभर ते ती मोडकी जिलबी मनात घेऊन झुरत होते. त्यांनी आचाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि थोड्या वेळानं आचारी एक परात घेऊन आला. परातीत एकच जिलबी. परातीएवढी. एका सुतात काढलेली, कुठंही न तुटलेली, पाकानं चमकणारी. सगळा मांडव बघायला गोळा झाला.

"व्याहीबुवा," आबा हात जोडून म्हणाले. "अख्खी आहे. स्वतः बघून घ्या."

मामंजींचा चेहरा जरा सैल पडला. ते आत आले, पाटावर बसले, पुढं पान मांडलं. आबांनी दोन्ही हातांनी ती जिलबी परातीतून उचलली, पानाकडं नेली, आणि नेमकी पानाच्या वर आल्यावर ती मधोमध मोडली. अर्धी पानात, अर्धी आबांच्या हातात.

आबांचे डोळे भरून आले. मामंजी त्या तुकड्याकडं बघत होते आणि त्यांच्या कपाळावरची शीर फुगत चालली होती. मी पोलक्यातलं पत्र मुठीत आवळलं. झालं, मला वाटलं, आता जन्मभराचं माहेर गेलं.

आणि तेवढ्यात कुणीतरी हसलं.

मी नव्हे. त्या वेळी माझ्या अंगात हसायचं त्राण नव्हतं. आत्याबाई हसत होत्या. पदर तोंडावरून सुटला होता, मान मागं गेली होती, आणि ती ताठ, शिडशिडीत बाई खो खो हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अकरा महिन्यांत मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले. आणि मामंजींनीही बघितले.

दात लालभडक होते. जीभ लाल, ओठ आतून लाल. आत्याबाईंनी आयुष्यात कधी पान खाल्लेलं कुणाला माहीत नव्हतं.

आता सांगते विड्याचं. गडावर घंटा वाजली तेव्हा मी डोळे मिटून तोंड उघडलं होतं. आत्याबाईंनी विडा माझ्या ओठांपर्यंत आणला. मला लवंगेचा वास आला. पण विडा काही तोंडात येईना, म्हणून मी डोळे उघडले. त्या माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी तो मुठीएवढा विडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला. दोन्ही गाल फुगले. आणि डोळ्यांनी मला झरोका दाखवला.

मामंजी पानावरून अर्धवट उठले. "विडा... तू खाल्लास?"

आत्याबाईंचं हसणं थांबेना. त्यांनी मान डोलावली.

"का?"

मग त्या थांबल्या. पदरानं डोळे पुसले. आणि एरवी मोजून बोलणारी ती बाई भरमांडवात बोलली.

"बत्तीस वर्सांमागं मी बसले हुते त्या खोलीत. तुमचं वडील वारलेले, फेटा नवानवा तुमच्या डोक्यावर आलेला. माजी आई अंथरुणावर हुती, आन तुमी मला धाडत नव्हता. आठवतंय? मग तुमी खालनं तीनदा इचारलंत, माहेराला येता का. किती मायेनं इचारलंत. मला वाटलं, खरंच नेत्यात. तवा माजं तोंड भरलेलं हुतं."

मामंजी त्या मोडक्या जिलबीकडं बघत बसले. बाहेर उन्हाची तिरीप मांडवाच्या खांबावरून खाली सरकत होती. मग त्यांनी पानातला तुकडा उचलला आणि खाल्ला. आबांच्या हातातला उरलेला अर्धा मागून घेतला, तोही खाल्ला. वर तांब्याभर पाणी प्यायले. हात धुऊन, फेटा सारखा करून ते आत्याबाईंसमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतात.

"राणीसाहेब," मामंजी म्हणाले, आणि या खेपेला आवाज मुद्दाम घोगरा केलेला नव्हता, "माहेराला येता का?"

आत्याबाईंची आई जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. माहेरी एक म्हातारा भाऊ आणि भावजय, पिंपळवड्यापासून पुढं सहा मैलांवर. एवढ्या वर्षांत जाणं-येणं राहिलेलंच नव्हतं.

"येते," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बकुळाचं लग्न लागलं, अंतरपाट धरलेला असताना आम्ही दोघी बहिणी हसलो, आणि जेवणं झाल्यावर पालखी पुन्हा निघाली. आबांनी तळाला फळी ठोकून घ्या म्हणून किती आग्रह केला. आत्याबाईंनी ऐकलं नाही. त्या पालखीत शिरल्या, आतली दांडी धरली आणि म्हणाल्या, "उचला रं."

मी बांधावर उभी राहून बघत होते. वर झालर हलत होती, पुढं मामंजींचा लाल फेटा, आणि पालखीखाली आत्याबाईंचे दोन अनवाणी पाय. भिवा ओरडत होता, "वैनी, जरा हळू, आमाला पळाया लागतंय!" पण ते पाय काही हळू होत नव्हते.